काचेच्या पेटीतली राणी

१

प्रदर्शनातल्या माझ्या स्टॉलवर रात्रभर ठेवलेल्या काचेच्या पेटीवरचं काळं कापड अजून काढलंही नव्हतं, तेवढ्यात मला कळलं की आत काहीतरी बिघडलंय. माझ्या माश्या गुणगुणतात, त्या सकाळी त्या घोंघावत होत्या. सलग, भरड आवाज. मधमाश्या पाळणाऱ्या कुणालाही तो आवाज ओळखता येतो, त्याचा अर्थ एकच असतो. पेटीत राणी नाही.

प्रदर्शनाची पेटी म्हणजे दोन काचांमध्ये उभं धरलेलं एकच पोळं. राणीला लपायला जागाच नसते. शिवाय लोकांना चटकन दिसावी म्हणून मी तिच्या पाठीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं. कामकरी माश्या सैरावैरा धावत होत्या आणि लाल ठिपका कुठेच नव्हता.

"काय गं, काय झालं?" आमच्या ह्यांनी मागून विचारलं.

"राणी नाही."

"असेल कुठेतरी. नीट बघ."

"नीटच बघतेय."

ते चष्मा सावरत वाकले, पुन्हा सरळ झाले. "मग आजचं राहू दे. तुझी तब्येत बरी नाही म्हणून सांगतो मी सोसायटीच्या लोकांना."

राहू दे म्हणायला कुणाचं काय जातं. आमच्या जुन्या घराला आता तिन्ही बाजूंनी उंच इमारती आल्यात. जिथे काकडीचे वेल होते तिथे गाड्या उभ्या असतात. उरलेल्या पट्ट्यात माझ्या मधपेट्या आहेत आणि त्या इमारतींच्या सोसायटीतल्या लोकांना त्यांची भीती वाटते. बरीच वादावादी होऊन शेवटी ठरलं ते असं: कृषी प्रदर्शनात मी सगळ्यांसमोर काच उघडायची आणि माश्यांमध्ये उघडा हात घालायचा. माश्या खरंच गरीब निघाल्या तर पेट्या राहतील. नाहीतर हलवायच्या, आणि हलवायला मला दुसरी जागा नाही. हात घालायची बढाई माझीच होती. राणी असलेल्या पेटीत मी तो कधीही घालीन. राणी नसलेल्या पेटीत घालणं म्हणजे आपणहून डंख मागून घेणं.

सोसायटीचे लोक दुपारी येणार होते. मी कापड परत टाकलं आणि वन्संना फोन केला.

२

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. लोकांचं बोलणं जोडून देता देता बाईंना एक खोड लागली. कुणी काही सांगू लागलं की त्या मधेच थांबवतात. "तुला काय वाटलं ते नको, तो काय म्हणाला ते सांग. त्याच्या शब्दांत." नातेवाईक त्यांना वचकून असतात. आमच्यातली दोन भांडणं त्यांनी याच खोडीने मिटवलीत आणि एक लावलंय.

त्या आल्या, पर्स माझ्याकडे दिली आणि पेटीभोवती फिरल्या. काचेचे चारही स्क्रू जागच्या जागी होते, नीट पिळलेले. कडेला एकही माशी चिरडलेली नव्हती.

"वहिनी, तुला काच लावताना एखादी तरी चिरडते ना?"

"घाईत असले तर."

"म्हणजे हा घाईत नव्हता. आणि घाबरलेलाही नव्हता. तुझ्या सामानातलं काही गेलंय?"

मी पिशवी उलटी केली. राणीला इकडून तिकडे नेताना ठेवतात ती जाळीची डबी नव्हती.

"मारायचीच असती तर डबी कशाला लागली असती?" वन्सं म्हणाल्या. "राणी जिवंत आहे. आता राणी पकडता येणारी माणसं मोज."

मोजायला फारशी नव्हतीच. पण मोजण्याआधी प्रदर्शनाचे आयोजक, म्हणजे त्या सोसायटीचेच सेक्रेटरी, लगबगीने आले. आमच्या ह्यांनी त्यांना जाऊन सांगितलंच होतं.

"काकू, चोर सापडला," ते म्हणाले.

३

शेजारी नर्सरीवाल्याचा स्टॉल होता. त्याचं माझं जमत नाही हे अख्ख्या मैदानाला ठाऊक. मी त्याला फुलांवर औषध मारतोस म्हणून बोलले होते, आणि त्याचं म्हणणं, माझ्या माश्या त्याची गिऱ्हाइकं पळवतात.

"काल प्रदर्शन संपल्यावर एक माणूस परत आत आला," सेक्रेटरी म्हणाले. "गेटवरच्या आमच्या स्वयंसेविकेने सोडला. स्टॉल मोठा करायचाय म्हणाला. आता बघा, रातोरात कोणाचा स्टॉल मोठा झालाय ते."

बघायलाच नको होतं. नर्सरीवाल्याच्या दोन टेबलांनी आमच्या हद्दीत सरळ पाय पसरले होते आणि त्यावर गुलाबाच्या कुंड्या मांडलेल्या होत्या.

"टेबलं सरकवली, मान्य," नर्सरीवाला म्हणाला. "पण आज सकाळी. काल दुकान बंद केलं आणि थेट घरी. बायकोला विचारा."

"बायको काय, तुमच्याच बाजूने बोलणार," सेक्रेटरी म्हणाले.

"मग कोणाला विचारू? गुलाबाला?"

मला हसू आलं नाही. मी त्याला नको नको ते बोलले. चोर म्हटलं, आणखीही काही म्हटलं. तो लाल झाला. "काकू, मी भांडतो तर तोंडावर भांडतो," एवढंच म्हणाला आणि कुंड्यांना पाणी घालू लागला.

सेक्रेटरींनी सांगून टाकलं, दुपारी सगळ्यांसमोर याला काढायचा, पुढच्या वर्षीही घ्यायचा नाही. आमचे हे बाजूला उभे राहून टोपीची कड चाचपत होते. म्हणाले, "जाऊ द्या ना, कशाला गरिबाच्या पोटावर पाय." मला वाटलं, किती भला माणूस. तो तसाच आहे असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आले होते.

वन्सं मात्र नर्सरीवाल्याच्या गुलाबांकडे बघत राहिल्या. "याला राणी ओळखता येते का गं?"

"याला माशी आणि भुंगा ओळखता येत नाही."

"मग चोर म्हणालीस ती कशाला?"

४

राणी ओळखता येणारी एक होती. नवव्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण. गेला हिवाळाभर ती माझ्याकडे शिकायला येत होती. हात स्थिर, भीती शून्य, आणि स्वतःची पेटी सुरू करायला राणी हवी म्हणून माझ्या मागे लागलेली. मी तिला लेकीसारखं शिकवलं होतं. ती आली तेव्हा मला तिच्याकडे बघवेना.

वन्संनी तिला खुर्ची दिली. "काल संध्याकाळी कुठे होतात?"

"दवाखान्यात." मग तिला प्रश्नाचा रोख कळला आणि तिने माझ्याकडे बघितलं. "काकू, तुम्हाला मी वाटले?"

"राणी पकडता येणारी अजून कोण आहे?" मी म्हटलं.

"मला पकडता येत नाही," ती म्हणाली. "मला ती सापडतच नाही. तुम्ही बोट दाखवता, मी हो हो म्हणते. आजवर एकदाही दिसलेली नाही. तुम्ही एवढ्या जीव तोडून शिकवत होता, सांगायची लाज वाटली."

हिवाळाभर मी तिच्या नजरेची तारीफ करत होते. वन्संनी तिला दुसऱ्या माश्यांच्या फोटोत राणी दाखवायला सांगितली. तिने जाडसर नरमाशीवर बोट ठेवलं, तेही मोठ्या खात्रीने.

"ही खोटं बोलत नाही," वन्सं म्हणाल्या. "इतकं वाईट खोटं कुणी बोलत नाही."

मग उरलं कोण? मला कुणी सुचेना. वन्सं उठल्या. मला वाटलं त्यांना सुचलं असावं, कारण त्यांनी माझी पाठ थोपटली, आणि त्या कधी कुणाची पाठ थोपटत नाहीत.

"गेटवरच्या मुलीकडे चल," त्या म्हणाल्या.

५

गेटवरची मुलगी कॉलेजातली, बाराव्या मजल्यावरची. गळ्यात स्वयंसेविकेचं ओळखपत्र, हातात फोन.

"चेहरा नाही आठवत हो. प्रदर्शनाने सगळ्यांना तीच हिरवी टोपी दिलीय ना. सगळे काका सारखेच दिसतात."

"चेहरा राहू दे. काय म्हणाला ते सांग."

"स्टॉल मोठा करायचाय म्हणून..."

"असं म्हणाला? की तुला तसं वाटलं?"

मुलीने फोन खाली ठेवला. "म्हणाला... बाळ, आमचा स्टॉल वाढवायचा राहिलाय, दोन मिनिटांत येतो. मी म्हटलं, आता संध्याकाळी? म्हणाला, वाढवल्याशिवाय घरी कसं जाणार. मला वाटलं, उद्याच्या गर्दीसाठी मोठा करत असतील."

वन्संनी मान डोलावली. तिला थँक्यू म्हणाल्या आणि मला चहाच्या गाडीपाशी घेऊन गेल्या. दोन चहा सांगितले. तेवढ्यात सेक्रेटरी जाता जाता थांबले.

"काकू, काकांना काल बरं नव्हतं का? फिरायला आले नाहीत, म्हणून विचारलं."

"बरे आहेत," वन्सं म्हणाल्या. ते गेले.

काल जेवायच्या आधी आमचे हे फिरून आले होते. घामाघूम होऊन. सेक्रेटरींच्या कंपूबरोबर खूप लांब गेलो होतो म्हणाले होते.

"वहिनी," वन्सं म्हणाल्या, "आमच्या बाबांच्या हार्डवेअरच्या दुकानात संध्याकाळी दिवे मालवताना काय म्हणायचे?"

मला उत्तर येत होतं. लग्न होऊन आले त्या आठवड्यात सासूबाईंनी मला सुनावलं होतं, आपल्या धंद्याला बंद म्हणू नये. दुकान बंद करायचं नसतं, वाढवायचं असतं. मॉल आल्यावर ह्यांनी खरोखरच कुलूप लावलं, तेव्हाही "वाढवलं" असंच म्हणाले. मी तो शब्द रोज ऐकत आले. मुलीच्या तोंडून ऐकला तरी मला तो खटकला नाही, तो घरातलाच वाटला.

"जुने दुकानदार पुष्कळ असतील," मी म्हटलं.

"असतील. नर्सरीवाला बंद केलं म्हणाला, ऐकलंस ना? बाकीच्यांतल्या कितींनी तुझ्या शेजारी उभं राहून माश्या शांत करायचा धुराचा डबा धरलाय? कितींना तू राणी दाखवलीस, डबीत घ्यायला शिकवलीस?"

"वन्सं, तुमचा भाऊ आहे तो."

"म्हणून तर सकाळपासून दुसरं कुणीतरी निघावं असं बघतेय," त्या म्हणाल्या. त्यांचा चहा तसाच राहिला.

६

ते ट्रॅक्टरांच्या मांडवामागे उभे होते. एकटेच.

मी हात पुढे केला. "द्या."

काय द्या, असं त्यांनी विचारलं नाही. हातानेच उत्तर दिलं. सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला आणि जाळीची डबी काढली. राणी जिवंत होती. सोबतीला चार कामकरी माश्या होत्या आणि कोपऱ्यात साखरेची गोळी दाबून ठेवलेली होती, मी शिकवली होती अगदी तशी. खिशात ठेवलेली, म्हणजे अंगाची ऊब मिळावी म्हणून. राणीची सगळी सोय बघितली होती. मला ते बघून जास्त लागलं.

"का?"

"सोसायटीची मंडळी रोज म्हणतात, काका, घरचंच तर आहे, पेट्या हलवायचं तुम्हीच बघा काहीतरी. मी म्हटलं, बघतो. आता तोंडातून गेलं." ते ट्रॅक्टरच्या चाकाकडे बघून बोलत होते. "दुकान गेल्यापासून मला कोण ओळखतं? संध्याकाळी तो बाकडा आहे, ती चार माणसं आहेत. तुझं काय, सगळा परिसर तुला विचारतो."

"मला सांगायचं होतंत."

"तू ऐकलं असतंस?"

"भांडले असते. ऐकलंही असतं कदाचित. तुम्ही विचारलं कुठे?" माझा आवाज चढला होता. "आणि मी त्या पेटीत हात घालणार होते. हे माहीत होतं ना?"

"तू आधी आवाज ऐकशील, हेही माहीत होतं."

मला रडू आलं नाही, संताप आला. माझ्या कानावर एवढा विश्वास आणि माझ्यावर एवढासुद्धा नाही. मी म्हटलं, "तिकडे नर्सरीवाल्याला चोर ठरवून हाकलतायत. तुम्ही जाऊन खरं सांगा. मी मधे एक शब्द बोलणार नाही. तुम्हाला हवं तसं सांगा, पण तुम्हीच सांगा."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, एवढं तरी करतील.

७

लोक जमले होते. सोसायटीच्या बायका, पोरं कडेवर घेतलेले बाप, पुढच्या रांगेत डॉक्टरीण. पेटीचा आवाज कापडाखालूनही ऐकू येत होता आणि लोक दोन पावलं मागेच उभे होते. नर्सरीवाला कुंड्या खोक्यात भरत होता.

आमच्या ह्यांनी सेक्रेटरींच्या हातून माइक घेतला.

"मंडळी, चोरीबिरी काही नाही," ते म्हणाले. "नर्सरीवाल्यांना उगाच त्रास झाला, त्याबद्दल माफी. राणी सापडली. हिच्याच पिशवीत होती. काल संध्याकाळी हिनेच डबीत काढून ठेवली आणि विसरली." ते हसले. "होतं हल्ली तिचं असं. गॅस चालू राहतो, किल्ल्या सापडत नाहीत. मी आहे म्हणून चाललंय."

लोकही हसले. वाईट नव्हे, मायेने हसले. एक बाई "अगं बाई गं" म्हणाली. सेक्रेटरी माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "काकू, वाईट वाटून घेऊ नका. पण मग या वयात मधमाश्या म्हणजे... तुम्हीच विचार करा."

मला आधी कळलंच नाही की हे माझ्याबद्दल चाललंय. गॅस मी कधी चालू ठेवला? मग कळलं. राणी चोरली ते खिशात लपवता येण्याजोगं होतं. हे मात्र त्यांनी अख्ख्या वस्तीसमोर केलं, माझ्याकडे बघत, प्रेमळ आवाजात. त्यांची सुटकाही झाली आणि पेट्याही जाणार होत्या. माणूस एवढा हुशार असेल असं मला दुकानाच्या गल्ल्यावर कधी वाटलं नव्हतं.

वन्सं पुढे व्हायला लागल्या. मी त्यांना थांबवलं.

कापड काढलं. डबी पेटीच्या वरच्या फटीत अडकवली, जाळी आतल्या बाजूला. आधी काहीच झालं नाही. मग दोन माश्या आल्या, मग दहा, मग सगळं पोळंच वर सरकलं. त्यांनी डबीला मिठी मारल्यासारखं झाकून टाकलं. आवाज खाली आला, आणखी खाली आला, आणि मग नेहमीची गुणगुण तेवढी राहिली. लोकही गप्प झाले होते. मी स्क्रू काढले, काच बाजूला केली आणि उघडा हात माश्यांमध्ये ठेवला. त्या बोटांवरून चालत राहिल्या. घाई नव्हती. एका बापाने कडेवरच्या पोरीला जरा पुढे आणलं.

हात तसाच ठेवून मी बोलले. माइक नको होता. "मी काहीही विसरलेले नाही. राणी काल संध्याकाळी ह्यांनी काढली. रात्रभर ह्यांच्या खिशात होती. सोसायटीला शब्द दिला होता म्हणून."

"अगं, काय बोलतेस, लोकांसमोर..." हे म्हणाले.

"खरं आहे," वन्सं म्हणाल्या. "मी सख्खी बहीण आहे त्याची. दादा, सगळ्यांसमोर सांग मी खोटं बोलतेय."

त्यांनी माइक खाली घेतला. सेक्रेटरींनी घसा साफ केला. शब्द कोणाला दिला होता ते सगळ्यांनाच कळलं होतं. सेक्रेटरींना आता कुठे बघावं कळत नव्हतं. "पेट्यांचं... राहू द्या पेट्या," ते म्हणाले. "कुणाची हरकत?" कुणाची नव्हती.

मी जिंकले होते. डॉक्टरीण टाळ्या वाजवत होती. मला घरी जाऊन कुणाला तरी हे सगळं सांगावंसं वाटलं, आणि ज्याला सांगायचं तो समोर माइक धरून उभा होता.

काच लावून मी नर्सरीवाल्याकडे गेले आणि त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "टेबलं मागे घेतो." मी म्हटलं, "राहू द्या आता."

संध्याकाळी सामान निघालं. काचेची पेटी जड असते, आणि आडवी करता येत नाही. दोघांनी उभी धरून न्यावी लागते. त्यात एकाला उलटं चालावं लागतं. दरवर्षी उलटी मी चालते, कारण माझं लक्ष माश्यांवर असतं. समोरचा माणूस सांगतो, डावीकडे घे, दगड आहे, पायरी आली. तो सांगेल तसं पाऊल टाकायचं. मी कधी मागे वळून बघितलं नाही, आणि एकदाही पडले नाही.

सवयीने ते आले आणि त्यांनी आपली बाजू धरली.

"सोडा," मी म्हटलं.

"एकटीला झेपणार नाही तुला."

"सोडा म्हटलं ना."

त्यांनी हात काढले. हिरवी टोपी काढून मुठीत धरली. म्हणाले, "चुकलो मी. तू पडू नये असंच मला वाटतं गं." ते खरंही असेल. मला त्यातलं कुठलं धरावं ते कळेना.

नर्सरीवाला हात पुसत आला आणि त्याने दुसरी बाजू धरली. आत माश्या शांत होत्या.

"काकू, उलटं कोण चालणार?" त्याने विचारलं. "तुम्ही की मी?"

"तुम्ही चाला," मी म्हटलं. "मला समोरचं दिसलं पाहिजे."